लूथरच्या स्तोत्रांच्या चाली

मार्टिन लूथर (१४८३–१५४६) यानें दारूच्या गुत्त्यांतील चाली उचलून त्यांवर स्तोत्रें रचलीं, अशी एक कथा वारंवार सांगण्यांत येते. कथा रंजक आहे. परंतु त्या चालींचीं मुळें शोधूं गेल्यास तीं निराळ्याच ठिकाणीं सांपडतात.

लूथरपूर्वीं जर्मनींतील ख्रिस्तमंदिरांत उपासनेचें गायन मुख्यत्वें लॅटिन भाषेंत होई आणि तें धर्मोपदेशक व गायकवृंद करीत. ईस्टरसारख्या सणांना लोक कांहीं जर्मन गीतें म्हणत. एरवीं सामान्य माणसाचें काम बहुधा ऐकण्याचें. तो आपल्या भाषेंत, आपल्या तोंडानें गाऊं लागावा, हा लूथरचा हेतु होता. १५२४ सालीं न्यूरेंबर्ग येथें अवघ्या ८ गीतांची एक चोपडी निघाली. त्यांतील ४ लूथरचीं होतीं. त्याच वर्षीं विटेनबर्ग येथें योहान वाल्टर याचा गायकवृंदासाठीं केलेला संग्रह प्रसिद्ध झाला. तरुणांना शृंगारिक गाण्यांऐवजीं कांहीं चांगलें गावयास मिळावें, असा उद्देश लूथरनें त्याच्या प्रस्तावनेंत सांगितला आहे. असा मनुष्य गुत्त्यांतील चालींच्या मागें कशाला लागेल?

त्यानें पहिला आधार घेतला तो जुन्या लॅटिन गायनाचा. मिलानचा बिशप अँब्रोझ याचें चौथ्या शतकांतील स्तोत्र त्यानें जर्मनमध्यें आणिलें आणि त्याची परंपरागत चाल नव्या शब्दांना जुळेल इतकी सोपी केली. दुसरा आधार लोकांच्या धर्मगीतांचा. ‘क्रिस्ट इस्ट एर्श्टांडन’ हें ईस्टरगीत बाराव्या शतकापासून जर्मन लोकांच्या तोंडीं होतें. लूथरच्या १५२४ मधील ईस्टर-स्तोत्राची चाल त्याच घराण्यांतील. कांहीं चाली अगदीं नव्या होत्या; ‘आइन फेस्टे बुर्ग’ या विख्यात स्तोत्राची चाल खुद्द लूथरची मानली जाते.

लौकिक चाल मुळींच घेतली नाहीं असें मात्र नव्हे. मुलांसाठीं रचलेलें ‘फोम हिमेल होख’ हें नाताळचें गीत १५३५ मध्यें एका कोड्याच्या लोकगीताच्या चालीवर छापलें गेलें. परंतु १५३९ मध्यें त्याला नवी चाल देण्यांत आली. मग गुत्त्याची कथा आली कोठून? जर्मन गायकांच्या परिभाषेंत एका गीतबंधाला ‘बार’ म्हणत. पहिली चाल दोनदां गावयाची, मग निराळी, असा तो बंध. लूथरच्या पुष्कळ स्तोत्रांत तो आढळतो. या शब्दाचा इंग्रजी मद्यगृहाशीं घोटाळा झाला असावा, असा तर्क केला जातो.

लूथरनंतर लौकिक चालींनाहि मंदिराचें दार उघडलें. ‘अमुक पदाच्या चालीवर’ ही सूचना वाचण्याची संवय असलेल्या मराठी रसिकाला यांत नवल वाटूं नये. हान्स लिओ हासलर याचें १६०१ मधील एक प्रेमगीत १६१३ मध्यें स्तोत्र झालें. पुढें पाउल गेर्हार्ट यानें १६५६ मध्यें ख्रिस्ताच्या जखमी मस्तकाविषयीं लिहिलेल्या स्तोत्रालाहि तीच चाल मिळाली, आणि बाखनें ‘मॅथ्यू पॅशन’ या संगीतकृतींत ती पुनःपुन्हां योजिली. आज ती ऐकणाऱ्यास प्रेमगीत आठवत नाहीं. आठवतो तो वधस्तंभ. पिढ्यान्‌पिढ्या साऱ्या मंडळीनें एकत्र गाइल्यामुळें त्या चालीचा अर्थच पालटला; आणि मंडळीनें गावें, हाच तर लूथरचा मूळ आग्रह होता.