रानतुळस की विलायती तुळस? बांधावर ओळखण्याच्या खुणा

भातकापणीच्या सुमारास वसई-विरारमध्ये बांधांवर, रस्त्याकडेला आणि तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पडीक जागेत उग्र वासाची दोन झुडपे फुललेली दिसतात. दोन्ही तुळस-पुदिन्याच्या कुळातील, दोन्हींचे खोड चौकोनी, आणि बोलताना दोन्हींना ‘रानतुळस’च म्हटले जाते. मात्र पहिली बांधावर राखण्याजोगी, तर दुसरी फुलण्यापूर्वीच उपटण्याजोगी आहे. म्हणून तणनियंत्रणाआधी ओळख पक्की करून घ्या.

मूळ

रानतुळशीचे शास्त्रीय नाव ओसिमम अमेरिकॅनम. नावात अमेरिका असली तरी ती आशिया-आफ्रिकेतील वनस्पती आहे. विलायती तुळस, म्हणजे हिप्टिस सुआविओलेन्स, ही मात्र उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली आहे.

ओळख

• उंची: रानतुळस साधारण गुडघ्यापर्यंत वाढते. विलायती तुळस पुरुषभर उंच होऊ शकते.
• पाने: रानतुळशीची पाने अरुंद, देठाकडे निमुळती. विलायतीची रुंद, केसाळ, देठाकडे गोलसर व कडांना बारीक दाते असलेली.
• फुले: रानतुळशीला शेंड्यावर मंजिरी येते, फुले पांढरी किंवा फिकट गुलाबी. विलायतीची निळसर-जांभळी फुले पानांच्या बेचक्यात लहान झुबक्यांनी येतात.
• फुलाखालचा हिरवा पेला: ही सर्वांत खात्रीची खूण. रानतुळशीत त्याची वरची पाकळी रुंद व गोलसर असते. विलायतीत पाच ताठ काटेरी टोके असतात. ती बोटाला टोचतात.
• बी: रानतुळशीचे बी बारीक व काळे, एका पेल्यात चारपर्यंत. विलायतीचे बी मोठे, चपटे, बहुधा दोनच.

दोन्हींचे बी पाण्यात फुगून बुळबुळीत होते. त्यामुळे ‘बी फुगले म्हणजे सब्जा’ असे समजू नका. खरा सब्जा ओसिमम बॅसिलिकमचा. ओळख पटल्याशिवाय रानातले बी खाण्यासाठी किंवा विक्रीसाठी गोळा करू नये.

व्यवस्थापन

विलायती तुळस बियांपासूनच पसरते. काटेरी पेले कपड्यांना व जनावरांच्या केसांना चिकटतात. मातीबरोबरही बी वाडीत येऊ शकते. उग्र वासामुळे गुरे ती सहसा खात नाहीत, त्यामुळे चराऊ जागा तिने व्यापली की चारा कमी होतो.

• जमीन ओली असताना, फुले येण्यापूर्वी झाडे मुळासकट उपटा.
• बी धरलेली झाडे उकिरड्यावर किंवा गांडूळखतात टाकू नका.
• पहिल्या पावसानंतर त्याच जागी उगवणारी रोपे पुन्हा काढा. जमिनीत पडलेले बी सगळे एकदम रुजत नाही, म्हणून दरवर्षी लक्ष ठेवा.
• भरावाची माती टाकली असेल, तर त्या जागेची पहिल्या पावसाळ्यात पाहणी करा.
• फुलोऱ्यात तणनाशक फवारू नका. फुलांवर मधमाश्या असतात.

रानतुळशीची थोडी झाडे बांधावर राहू द्या. काकडी, कारली यांच्या परागीभवनासाठी लागणाऱ्या मधमाश्यांना तिथे खाद्य मिळते.