निवासी डॉक्टरांचे विद्यावेतन : हक्क आणि व्यवहार

एमडी किंवा एमएस करणारा डॉक्टर कागदोपत्री विद्यार्थी असतो. तो शुल्क भरतो, प्रबंध लिहितो, परीक्षा देतो. त्याच वेळी वॉर्डातील रात्रपाळी, अपघात विभाग आणि बाह्यरुग्ण विभागातील रांग यांचा मोठा भार त्याच्याच शिरावर असतो. या दुहेरी भूमिकेसाठी दरमहा मिळणारी रक्कम म्हणजे विद्यावेतन. या जोडशब्दातील 'विद्ये'वर भर द्यायचा की 'वेतना'वर, यावरूनच या विषयातले बहुतेक तंटे उभे राहतात.

केंद्र सरकारच्या संस्थांनी हा प्रश्न बराचसा सोडवला आहे. दिल्लीच्या 'एम्स'मधील पदव्युत्तर कनिष्ठ निवासी डॉक्टराला सातव्या वेतन आयोगानुसार ५६,१०० रुपये मूळ वेतन आणि त्यावर भत्ते मिळतात. राज्यांत मात्र दर राज्य सरकार ठरवते आणि वाढ शासन निर्णयाची वाट पाहते. महाराष्ट्रात ती वाट पाहणे बहुधा 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या संपाच्या इशाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचते. फेब्रुवारी २०२४ मध्ये विद्यावेतनवाढ, ते वेळेवर मिळणे आणि वसतिगृहांची दुरवस्था या मागण्यांसाठी 'मार्ड'ने संप पुकारला. त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने दरमहा १० हजार रुपयांची वाढ मान्य केली. आंदोलनात विद्यावेतनाच्या रकमेइतकाच ते नियमित मिळण्याचा मुद्दा असतो. घरापासून दूर राहणाऱ्या, अनेकदा शैक्षणिक कर्ज घेतलेल्या डॉक्टरासाठी दोन महिन्यांचा विलंब ही किरकोळ बाब नव्हे.

खरा पेच खासगी महाविद्यालयांत आहे. तेथे नियम संदिग्ध आहे असे म्हणण्यास जागा नाही. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावलीत, आणि परिषदेची जागा घेणाऱ्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीतही, एकच तत्त्व आहे : संस्था ज्या राज्यात असेल तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांइतकेच विद्यावेतन द्यावयाचे. शुल्क कोटीच्या घरात असले तरी ही तरतूद बदलत नाही.

व्यवहार वेगळा आहे. आयोगाने २०२३ मध्ये ऑनलाइन सर्वेक्षण केले. खासगी महाविद्यालयांतील सुमारे ७,९०० पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या उत्तरांपैकी २,११० जणांनी विद्यावेतन मिळतच नसल्याचे, तर चार हजारांहून अधिक जणांनी ते सरकारी दराइतके नसल्याचे कळवले. बाराशेहून अधिक उत्तरे अधिक बोलकी होती : विद्यावेतन दिले जाते आणि व्यवस्थापन ते परत घेते. अशा वेळी हिशेबाची वही निर्दोष दिसते, हीच यातली मेख.

पदवीनंतरच्या आंतरवासितेची कथाही फार निराळी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाला आंतरवासी डॉक्टरांना दरमहा २५ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. त्यानंतर जुलै २०२५ मध्ये आयोगाने महाविद्यालयांना शुल्क व विद्यावेतनाचा तपशील जाहीर करण्यास बजावले. माहिती न देणाऱ्यांना कारणे दाखवा नोटिसाही निघाल्या आहेत. त्यांत खासगी महाविद्यालयांबरोबर सरकारीही होती.

राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या डीएनबी अभ्यासक्रमासाठी मान्यताप्राप्त रुग्णालयांनाही विद्यावेतनाचे बंधन आहे; किमान दर मंडळ ठरवते, पण राज्याचा दर जास्त असल्यास तो लागू होतो.

विद्यावेतनाबरोबर कामाचे तासही येतात. केंद्राच्या १९९२ च्या निवासी योजनेने कनिष्ठ निवासी डॉक्टरांसाठी साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून अधिक काम नको, असे स्पष्ट आकडे दिले होते. २०२३ च्या नियमावलीत 'वाजवी' तास आणि 'वाजवी' विश्रांती एवढेच शब्द आहेत. वर्षाला २० दिवस नैमित्तिक आणि ५ दिवस शैक्षणिक रजा मात्र तीत नमूद आहे. साप्ताहिक सुट्टीही आहे, परंतु कामाच्या निकडीच्या अधीन. निकड नसलेला आठवडा सरकारी रुग्णालयात शोधावा लागतो.

विद्यावेतन नाकारले गेल्यास दाद आयोगाकडे, राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाकडे किंवा संलग्न विद्यापीठाकडे मागता येते. दंड करण्यापासून नवे प्रवेश थांबवण्यापर्यंतचे अधिकार आयोगाला आहेत. बँकेचे खातेउतारे, शुल्काच्या पावत्या आणि व्यवस्थापनाशी झालेला लेखी व्यवहार हा त्यासाठीचा पुरावा. अडचण पुराव्याची कमी आणि नावाची जास्त असते. तक्रार करणाऱ्याचा प्रबंध त्याच महाविद्यालयातील मार्गदर्शकाच्या स्वाक्षरीने पुढे जायचा असतो आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी परीक्षकांत त्याच विभागाचे शिक्षकही बसलेले असतात. सर्वेक्षणात हजारोंनी उत्तरे दिली जातात. नावानिशी तक्रार करण्यास मात्र फार थोडे धजावतात.