हौशी ड्रॅग शर्यतीतील वाहनाची देखभाल व दुरुस्ती

ड्रॅग शर्यत हा सरळ मार्गावर, थांबलेल्या स्थितीतून सुरू होणारा दोन वाहनांमधील वेगाचा सामना होय. हौशी पातळीवरील स्पर्धेत एकच वाहन एका दिवसात अनेक वेळा धावते. दोन धावांच्या मधल्या वेळेत वाहन थंड करणे, तपासणे, त्यात आवश्यक ते बदल करणे आणि काही बिघडले असल्यास दुरुस्त करणे हा या खेळाचा अविभाज्य भाग मानला जातो. हे काम बहुधा वाहनाचा मालक स्वतःच, कुटुंबीय व मित्रांच्या मदतीने, मैदानावरील पिटमध्ये करतो. तोच बहुतेक वेळा चालकही असतो.

व्यावसायिक टॉप फ्युएल गटातील संघ प्रत्येक धावेनंतर साधारण तासाभरात संपूर्ण इंजिन उघडून नव्या भागांसह पुन्हा जोडतात. हौशी स्पर्धकाजवळ इतके सुटे भाग, मनुष्यबळ व पैसा नसतो. तेच इंजिन त्याला संपूर्ण हंगाम पुरवावे लागते. त्यामुळे त्याच्या देखभालीचा मुख्य उद्देश वाहन प्रत्येक धावेपूर्वी त्याच स्थितीत आणणे आणि मोठा बिघाड होण्याआधी त्याची चाहूल घेणे हा असतो.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्नियात कोरड्या तलावांच्या पात्रांवर व विमानांच्या धावपट्ट्यांवर अशा शर्यती लोकप्रिय झाल्या. १९५० मध्ये सांता ॲना येथील विमानतळावर नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन (एनएचआरए) ही संस्था स्थापन केली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे झाली. शर्यतीचे पारंपरिक अंतर पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर आहे. अनेक लहान मैदानांवर याच्या निम्मे, म्हणजे सुमारे २०१ मीटर अंतर वापरले जाते.

ब्रॅकेट शर्यत आणि सातत्याचे महत्त्व

हौशी स्पर्धकांमध्ये ब्रॅकेट शर्यत हा प्रकार सर्वाधिक प्रचलित आहे. यात प्रत्येक स्पर्धक आपल्या वाहनाला किती वेळ लागेल याचा अंदाज आधी जाहीर करतो. या अंदाजास डायल-इन म्हणतात. एका वाहनाचा डायल-इन १३.०० सेकंद व दुसऱ्याचा ११.५० सेकंद असेल, तर संथ वाहनाला हिरवा दिवा १.५० सेकंद आधी मिळतो. जाहीर केलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात धाव पूर्ण केल्यास त्याला ब्रेकआउट म्हणतात आणि प्रतिस्पर्ध्यानेही तीच चूक केली नसेल तर स्पर्धक बाद होतो.

या नियमामुळे साधे, जुने वाहनही महागड्या वाहनाला हरवू शकते. मात्र त्याची वेळ प्रत्येक धावेत जवळपास सारखी राहिली पाहिजे. ताशी १९३ किलोमीटर वेगाने अंतिम रेषा ओलांडणारे वाहन एका सेकंदाच्या शंभराव्या भागात सुमारे ५४ सेंटिमीटर पुढे जाते. अनेक सामन्यांचा निकाल याहूनही कमी फरकाने लागतो.

इंधनाच्या उदाहरणावरून ही बाब स्पष्ट होते. पाव मैलाच्या शर्यतीत सुमारे ४५ किलो वजन वाढले की वेळ साधारण एक दशांश सेकंदाने वाढते, असा स्पर्धकांचा ठोकताळा आहे. चार लिटर पेट्रोलचे वजन सुमारे तीन किलो भरते. म्हणजे टाकीत चार लिटर कमी असल्यास वेळेत सहा ते सात सहस्रांश सेकंदाचा फरक पडू शकतो. म्हणून अनुभवी स्पर्धक प्रत्येक धावेनंतर टाकी ठरावीक खुणेपर्यंत पुन्हा भरतात.

वेळपत्रिकेवरून निदान

धाव संपल्यावर स्पर्धकाला छापील वेळपत्रिका मिळते. तीत हिरव्या दिव्याला दिलेल्या प्रतिसादाची वेळ, ६० फूट (१८.३ मीटर), ३३० फूट व ६६० फूट या टप्प्यांवरील वेळा, एकूण वेळ आणि अंतिम वेग नोंदलेला असतो. पिटमध्ये परतल्यावर पाना हाती घेण्याआधी ही पत्रिका वाचली जाते, कारण दोष कोठे शोधावा हे तिच्यावरून कळते.

पहिल्या ६० फुटांची वेळ वाढली, पण त्यानंतरच्या टप्प्यांमधील अंतरे नेहमीइतक्याच वेळेत कापली गेली असतील, तर चाके घसरणे, टायरमधील हवेचा दाब, सस्पेन्शन किंवा सुरुवातीचे आरपीएम यांकडे लक्ष दिले जाते. सुरुवात नेहमीसारखी असून अंतिम वेग घटला असेल, तर इंजिनाची शक्ती कमी झाल्याचा संशय घेतला जातो. सुरुवातीचा वेग कायम राहून मधल्याच एखाद्या टप्प्यात वेळ गेला असेल, तर गिअर उशिरा बदलला जाणे, इंधनाचा पुरवठा अपुरा पडणे किंवा इंजिनाचे ठोके चुकणे ही कारणे तपासली जातात. प्रतिसादाची वेळ एकूण वेळेत धरली जात नाही. ती चुकली तर दोष बहुधा चालकाचा किंवा प्रारंभयंत्रणेचा असतो.

नेहमीची तपासणी

इंजिन थंड करणे: अनेक शर्यती वाहनांत पाण्याचा पंप व पंखा विजेवर चालतात. त्यामुळे इंजिन बंद करूनही रेडिएटरमधून पाणी फिरवत ठेवता येते. पट्ट्यावर चालणारा पंप असलेल्या वाहनात ही सोय नसल्याने रेडिएटरवर पाणी फवारले जाते किंवा बाहेरून पंखा लावला जातो. प्रारंभरेषेवर येताना इंजिनाचे तापमान दर वेळी सारखे असावे यावर भर असतो. ते नेमके किती असावे हे प्रत्येक वाहनाच्या अनुभवावरून ठरते. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास दाबाखालील उकळते पाणी अंगावर उडते. त्यामुळे ते थंड होईपर्यंत उघडले जात नाही.

बॅटरी: वजन व इंजिनावरील भार वाचवण्यासाठी अनेक वाहनांत अल्टरनेटर बसवलेला नसतो. पंप, पंखा, इग्निशन आणि इंधन पंप हे सर्व बॅटरीवर चालतात. तिचा दाब घसरल्यास ठिणगी कमकुवत होते व इंधन पंप मंदावतो. म्हणून पिटमध्ये पोहोचताच चार्जर जोडला जातो.

टायर: रुंद व गुळगुळीत स्लिक टायरमध्ये हवेचा दाब रस्त्यावरील टायरपेक्षा बराच कमी, अनेकदा १० ते १५ पीएसआय असतो. टायर तापल्यावर आणि उन्हात उभे राहिल्यावर तो वाढतो. प्रत्येक धावेपूर्वी एकाच मापकाने दोन्ही बाजूंचा दाब मोजला जातो, कारण अर्ध्या पीएसआयच्या फरकानेही पकड बदलू शकते. चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासले जातात.

गळती व सैल भाग: तेल, पाणी, इंधन व ब्रेकचे द्रव यांच्या नळ्या आणि जोड नजरेखालून घातले जातात. मार्गावर सांडलेले थोडेसे तेलही त्याच वाहनाच्या मागील चाकांखाली येऊ शकते. शिवाय मार्ग स्वच्छ होईपर्यंत सर्वांचीच स्पर्धा थांबते. गळती दिसल्यास अधिकारी वाहनाला प्रारंभरेषेवरूनच परत पाठवतात.

स्पार्क प्लग: प्लगच्या चिनी मातीच्या भागाचा रंग ज्वलनाची स्थिती दाखवतो. काजळी हे मिश्रणात इंधन जास्त असल्याचे, तर पांढरा किंवा फोड आलेला पृष्ठभाग इंधन कमी असल्याचे अथवा अति उष्णतेचे लक्षण मानले जाते. ॲल्युमिनियमचे बारीक कण दिसल्यास दट्ट्याचे नुकसान सुरू झाल्याची शक्यता असते व इंजिन पुढे न चालवणे हिताचे ठरते. अंतिम रेषेनंतर वाहन बराच वेळ मंद गतीवर चालवत आणले, तर या खुणा पुसट होतात.

झडपा: सॉलिड लिफ्टर असलेल्या इंजिनात झडपेची फट, म्हणजेच टॅपेट, फीलर गेजने मोजली जाते. सर्व फटी थोड्याफार बदललेल्या असणे तापमानामुळे शक्य असते. एकच फट अचानक वाढलेली असल्यास मात्र सैल झालेला नट, वाकलेला पुशरॉड किंवा झिजलेला कॅम यांचा शोध घेतला जातो. नुसती फट पुन्हा जुळवून धाव घेतल्यास मूळ दोष तसाच राहतो.

हवामान

हवा उष्ण, दमट किंवा विरळ झाली की तिच्यातील ऑक्सिजन घटतो आणि इंजिनाची शक्ती कमी होते. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेले इंजिन दर ३०० मीटर उंचीमागे साधारण तीन टक्के शक्ती गमावते. कोलोरॅडोतील डेन्व्हरजवळचे बँडिमियर स्पीडवे हे २०२३ मध्ये बंद झालेले मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे ५,८०० फूट उंचीवर होते. समुद्रकिनाऱ्यालगतच्या मैदानावरील कार्ब्युरेटरचे जेट व डायल-इन तेथे उपयोगी पडत नसत.

एकाच दिवसात एकाच मैदानावरही असा बदल घडतो. सायंकाळी हवा थंड झाल्यावर वाहन दुपारपेक्षा जलद धावू लागते आणि दुपारचा डायल-इन कायम ठेवल्यास ब्रेकआउट होते. त्यामुळे तापमान, आर्द्रता व वायुदाब प्रत्येक धावेच्या वेळेसह वहीत नोंदवले जातात. एका धावेत एकच बदल करण्याचा संकेतही याच कारणाने पाळला जातो. जेट, टायरचा दाब व इग्निशन हे एकाच वेळी बदलले, तर कशाचा काय परिणाम झाला हे सांगता येत नाही.

मैदानावरील दुरुस्ती

पिटमध्ये होऊ शकणाऱ्या दुरुस्त्यांमध्ये स्पार्क प्लगच्या तारा, रॉकर आर्म, पुशरॉड, इंधनाच्या नळ्या, स्टार्टर व युनिव्हर्सल जॉइंट बदलणे यांचा समावेश होतो. तुटलेली झडपेची स्प्रिंग सिलिंडर हेड न काढताही बदलता येते. यासाठी प्लगच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये दाबयुक्त हवा सोडून झडप वर धरून ठेवतात. काँप्रेसर नसल्यास त्याच छिद्रातून दोरी आत सरकवून क्रँक हाताने फिरवला जातो. दट्ट्याने दाबलेली दोरी झडपेला खाली पडू देत नाही.

भागांची रचनाही दुरुस्तीचा वेग ठरवते. फोर्डच्या नऊ इंची मागील ॲक्सलमध्ये डिफरन्शियलचा संपूर्ण गाभा समोरून एकसंध बाहेर काढता येतो. त्यामुळे तयार जोडलेला दुसरा गाभा मैदानावरच बसवणे शक्य होते. जनरल मोटर्सची दोन गतींची पॉवरग्लाइड ही स्वयंचलित गिअर यंत्रणा १९५० मध्ये बाजारात आली. तिच्यात गिअर एकदाच बदलावा लागतो व रचना साधी आहे, म्हणून ती आजही ड्रॅग वाहनांत वापरली जाते.

काही लक्षणे दिसल्यास मात्र वाहन स्पर्धेतून मागे घेतले जाते. तेल दुधाळ होणे हे त्यात पाणी मिसळल्याचे चिन्ह असून हेड गॅस्केट किंवा सिलिंडर हेड निकामी झाल्याचे सूचित करते. तेल गाळणीत बेअरिंगच्या धातूचे तुकडे सापडणे, तेलाचा दाब घसरणे व इंजिनाच्या तळातून ठोके ऐकू येणे ही तितकीच गंभीर लक्षणे होत. अशा वेळी आणखी एक धाव घेतल्यास काही शे रुपयांच्या बेअरिंगऐवजी संपूर्ण इंजिन गमावण्याची आणि मार्गावर तेल सांडून चालकाचा जीव धोक्यात येण्याची शक्यता असते.

वेळेची मर्यादा

बाद फेऱ्यांमध्ये प्रत्येक फेरीनंतर वाहनांची संख्या निम्मी होते. ६४ वाहनांच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत ३२ जोड्या धावतात. एका जोडीला एक मिनिट धरल्यास फेरीला अर्धा तास लागतो. उपांत्य फेरीत मात्र दोनच जोड्या उरतात. परिणामी वाहन सर्वाधिक तापलेले व थकलेले असते तेव्हाच दुरुस्तीसाठी सर्वांत कमी वेळ मिळतो. म्हणून शेवटच्या फेऱ्यांमध्ये तपासणी गळती, टायर, इंधन, बॅटरी व तापमान इतक्यापुरती मर्यादित ठेवली जाते आणि सविस्तर कामे सकाळीच उरकली जातात.

स्पर्धकांची संख्या विषम असल्यास एकाला प्रतिस्पर्ध्याविना पुढे चाल मिळते. काही चालक अशी धाव पूर्ण वेगाने घेऊन वेळेची माहिती मिळवतात, तर काही प्रारंभरेषा ओलांडून वेग कमी करतात व इंजिन वाचवतात. प्रतिस्पर्ध्याला सुटा भाग किंवा हत्यार उसने देण्याची प्रथाही हौशी स्पर्धकांमध्ये रूढ आहे.

सुरक्षितता

घाईत होणारे अपघात टाळण्यासाठी काही नियम पाळले जातात. वाहनाखाली काम करताना केवळ जॅकवर विसंबून न राहता भक्कम लोखंडी स्टँड लावले जातात. इंधनाची नळी सोडवण्यापूर्वी बॅटरीचे जोड काढले जातात आणि अग्निशामक हाताशी ठेवला जातो. एनएचआरएच्या सर्वसाधारण नियमांनुसार पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर पार करणाऱ्या वाहनाला रोल बार, तर ताशी १५० मैल (सुमारे २४१ किलोमीटर) वेग गाठणाऱ्या वाहनाला पॅराशूट लागते. अलीकडील कारखानानिर्मित मोटारींना काही सवलती आहेत. वापरलेले पॅराशूट पुढील धावेपूर्वी पुन्हा घडी घालून भरावे लागते. हे काम चुकल्यास ब्रेक निकामी होण्याच्या प्रसंगी वाहन थांबवण्याचा दुसरा उपाय उरत नाही.

भारतात

भारतातील मोटार क्रीडा प्रकारांचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था करते. महाराष्ट्रात लोणावळ्याजवळील ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. विमानांसाठी बांधलेल्या धावपट्टीवर कायमस्वरूपी ड्रॅग मार्गाप्रमाणे रबराचा चिकट थर साचलेला नसतो. त्यामुळे पकड कमी मिळते आणि दोन धावांदरम्यान टायरचा दाब व सुरुवातीचे आरपीएम जुळवण्याला अधिक महत्त्व येते.