जलचक्र : नांदेड आणि लातूर जिल्हे

समुद्र, हवा, माती, खडक आणि नद्या यांतून पाण्याचे जे अखंड फिरणे चालू असते, त्याला जलचक्र म्हणतात. पृथ्वीवरील सुमारे 97 टक्के पाणी समुद्रात आहे. हवेतली वाफ सरासरी नऊ-दहा दिवसांत पाऊस होऊन खाली येते, तर खोल खडकातले पाणी शेकडो वर्षे जागचे हलत नाही. पाणी किती पडते याइतकेच ते कुठे आणि किती काळ थांबते हेही महत्त्वाचे असते. मराठवाड्याच्या या दोन जिल्ह्यांत खरी अडचण थांबण्याची आहे.

लातूरचे सरासरी पर्जन्यमान वर्षाला 800 मिमी.च्या आसपास, तर नांदेडचे 900 मिमी.च्या आसपास आहे. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात ते आणखी वाढते. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर बरेचसे रिते होतात. त्यामुळे इथला मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर आणि पुढे मोसमी वाऱ्यांच्या परतीच्या वाटेवर येतो. 1 मिमी. पाऊस म्हणजे हेक्टरी 10 हजार लिटर. या हिशेबाने लातूरच्या एका हेक्टरावर वर्षाला सुमारे 80 लाख लिटर पाणी पडते. कागदावर हे पुष्कळ आहे. मात्र ते मोजक्या दिवसांत कोसळते आणि मध्ये तीन-तीन आठवडे उघडीप पडते.

पडलेल्या पाण्याशी पहिली गाठ काळ्या जमिनीची. मे महिन्यात तिला हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस या भेगांतून थेट खाली उतरतो. मग चिकणमाती फुगते, भेगा बुजतात आणि पाणी मुरण्याचा वेग एकदम घटतो. त्यानंतरच्या जोरदार सरींचे पाणी बांध फोडून ओढ्याला लागते आणि जाताना वरची माती घेऊन जाते. पण एकदा आत शिरलेली ओल ही जमीन सहजी सोडत नाही. पाऊस उघडल्यावर शेतकरी मूठभर माती दाबून वाफसा आला का ते पाहतो. पुढे रब्बीची ज्वारी आणि हरभरा, वरून थेंब न पडता, याच ओलीवर निघतात. पाणीसाठ्याच्या सरकारी तक्त्यात या साठ्याला रकाना नाही, हे आश्चर्यच.

मातीखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर एकावर एक बसले आहेत. वरचा मुरूम आणि थरांमधले सच्छिद्र, भेगाळ पट्टे पाणी धरतात. मधला अखंड पाषाण जवळपास कोरडा असतो. पाणी देणारी पोकळी खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम एक ते तीन टक्के. समजा 800 मिमी. पावसापैकी एक दशांश, म्हणजे 80 मिमी., जमिनीत मुरला आणि पोकळी दोन टक्के धरली, तर विहिरीची पातळी 4 मीटर चढते. श्रावणात तुडुंब दिसणारी विहीर फाल्गुनात तळ दाखवते, त्यामागे हेच गणित आहे : पातळी झपाट्याने चढते, कारण साठा लहान आहे. नांदेडच्या आग्नेयेला, देगलूर-बिलोलीकडे, बेसाल्ट संपून जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. तिथे पाणी वरच्या कुजलेल्या थरात आणि खडकाच्या चिरांत सापडते. आठशे-हजार फुटांच्या बोअरला लागणारे पाणी मात्र यंदाच्या पावसाचे असेलच असे नाही. तो उपसा चालू खात्यातला नसून जुन्या ठेवीतला असतो.

पृष्ठभागावरच्या साठ्याला ऊन खाते. इथल्या उघड्या जलाशयावरून वर्षाला दीड मीटरहून अधिक पाणी वाफ होऊन जाते, म्हणजे वरून पडणाऱ्या पावसाच्या जवळपास दुप्पट. पिकांच्या पानांतून जाणारी वाफ वेगळीच. उसाला पाटाने पाणी द्यायचे तर हंगामात 2000 मिमी.च्या घरात लागते. पाऊस 800 आणि पीक दोन हजाराचे, ही तफावत कुठून भरून निघते ते बोअरच्या खोलीवरून कळते.

लातूर शहराला पाणी देणाऱ्या, बीड जिल्ह्यातील धनेगावच्या मांजरा धरणाची साठवण सुमारे 224 दलघमी (दशलक्ष घनमीटर). ते आटल्यावर 12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली : 10 वाघिणी, 5 लाख लिटर. पुढे 50 वाघिणींतून एका खेपेस 25 लाख लिटर येऊ लागले. एवढे पाणी म्हणजे 250 हेक्टरांवर पडलेला 1 मिमी. पाऊस. कृष्णेच्या खोऱ्यातले पाणी जलविभाजक ओलांडून गोदावरीच्या खोऱ्यात आले ते असे रुळांवरून. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने धरण भरले.

नांदेडला गोदावरी वाहते, तरी साठवण तोकडी आहे. शहरालगतच्या विष्णुपुरी प्रकल्पात सुमारे 80 दलघमी पाणी मावते, तर वरच्या जायकवाडीत 2900 दलघमीच्या घरात. त्यामुळे विष्णुपुरी एका पुरात भरतो आणि दरवाजे उघडावे लागतात; तेच पाणी उन्हाळ्यात हवे असते. धर्माबाद तालुक्यातील, गोदावरीवरच्याच बाभळी बंधाऱ्याचे तर वेळापत्रकच सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालात ठरवले : 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली सोडायचे. पूर बहुधा याच चार महिन्यांत येतात. बंधारा अडवतो तो मागे उरलेला प्रवाह.

बालाघाटच्या डोंगरांत उगम पावणारी मांजरा नदी लातूरमधून कर्नाटकात बिदरकडे जाते, तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर भरते, मग उत्तरेला वळून देगलूर-बिलोलीच्या सीमेवरून पुन्हा नांदेडला लागते. वाटेत तेरणा, तावरजा, घरणी, मन्याड, लेंडी तिला मिळतात. सुमारे 724 किमी. वाहून ती कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते. हा संगम नांदेड शहराच्या खालच्या अंगाला असल्याने मांजरेतून जाणाऱ्या लातूरच्या पाण्याचा थेंबही विष्णुपुरीत येत नाही. ते पुढे तेलंगणातल्या श्रीरामसागरात जाते.