परतीच्या वाटेची हमी

परदेशी जायचे तर नोकरदार माणूस व्हिसाच्या अर्जाला पगाराच्या पावत्या आणि रजेचे पत्र जोडतो नि मोकळा होतो. आमच्यासारख्या मुक्त व्यवसाय करणाऱ्यांजवळ यातले काहीच नसते. अनुवादाचे पैसे, कविसंमेलनाचे मानधन, एखाद्या सदराचा धनादेश, ही माझी मिळकत. एखाद्या महिन्यात चार ठिकाणचे पैसे येतात, पुढचे दोन महिने कोरडे जातात. मग ‘आर्थिक स्थिती सिद्ध करा’ या वाक्यापाशी पेन अडते. पण ही मागणी आजची नाही. तिचा इतिहास पाहिला की तिच्यामागचा खरा प्रश्न कळतो.

आम्हा मुसलमानांना हा प्रश्न हजच्या वाटेवर भेटला. ज्याला झेपेल त्यानेच हजला जावे, असा धर्माचाच दंडक आहे. जाण्यायेण्याचा खर्च हवा आणि मागे राहिलेल्या बायकामुलांची सोयही हवी. हा हिशेब मात्र ज्याचा त्याने अल्लाला स्मरून करायचा. आजच्या इंडोनेशियावर तेव्हा डचांचे राज्य होते. त्यांनी १८५९मध्ये तोच हिशेब कागदावर मागितला. प्रवासाला आणि घरच्यांना पुरेल एवढा पैसा असल्याचा स्थानिक अधिकाऱ्याचा दाखला यात्रेकरूला आणावा लागे.

मुंबईच्या बंदरातली गोष्ट निराळी होती. कित्येक गरीब भाविक जाण्यापुरते भाडे जमवून बोटीत बसत आणि परतताना जेद्दाला अडकून पडत. इंग्रज सरकारला ही डोकेदुखी होती. पण १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिलेले, म्हणून सक्ती करायला ते कचरत होते. १८८६मध्ये यात्रेची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे सोपवून पाहिली, तरी प्रश्न सुटला नाही. अखेर १९२५मध्ये कायद्याने परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली.

इथे निदान माणूस घरी परतावा ही काळजी होती. कॅनडात मात्र त्याच पैशाची भिंत झाली. १९०८मध्ये तिथल्या सरकारने हिंदुस्थानातून येणाऱ्या प्रत्येकाजवळ २०० डॉलर हवेत, असा नियम केला. मायदेशाहून थेट, न थांबता आले पाहिजे, ही दुसरी अट. १९१४मध्ये बाबा गुरदित्तसिंगांनी भाड्याने घेतलेली ‘कोमागाता मारू’ ही बोट ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली. त्यांत बहुतेक शीख होते, काही मुसलमान आणि हिंदूही होते. दोन महिने बंदरात अडवून बोट परत पाठवली. कलकत्त्याजवळ बजबज येथे ती लागली, तेव्हा गोळीबार होऊन माणसे मेली. तिथे प्रश्न खिशातल्या रकमेचा नव्हताच. माणसेच नको होती.

आजच्या नियमांची भाषा सौम्य आहे. युरोपातल्या शेंगेन देशांची २००९ची व्हिसासंहिता मुक्कामाच्या दिवसांना पुरेल एवढा पैसा मागते आणि मुदतीत परतण्याचा इरादाही तपासते. अमेरिकेचा १९५२चा कायदा तर अर्जदार तिथेच राहायला निघाला आहे असे आधी धरून चालतो. तसे नाही हे त्याने पटवायचे. म्हणजे ‘किती आहे?’ यामागे ‘परत येणार ना?’ हा प्रश्न असतो. पगाराच्या पावतीमागे मालक उभा असतो. त्याची ग्वाही चालते.

आमच्यामागे मालक नाही, पण कामे देणारे आहेत. म्हणून अर्जाआधी घाईघाईने खात्यात मोठी रक्कम भरण्यात अर्थ नाही. तिने उलट संशय येतो. दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, कापलेल्या कराची प्रमाणपत्रे, प्रकाशकाशी झालेले करार आणि थोडे थोडे पण सतत पैसे येत असल्याचे दाखवणारा बँकेचा उतारा, हे कागद तारखेने लावून द्यावेत. वर एका पानावर वर्षाचा हिशेब मांडावा. त्यातच दिवाळी अंकाच्या संपादकाचे पत्र असावे: लेखकाने अमुक तारखेला मजकूर द्यायचे कबूल केले आहे. ती तारीख परतीच्या तिकिटानंतरची असली, म्हणजे झाले.