आईला इंजेक्शन, बाळाच्या मेंदूसाठी

"डॉक्टर, बाळ कुठे पडलं नाही, आपटलं नाही, मग मेंदूत रक्तस्राव कसा?" सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची आजी हे विचारते, तेव्हा तिची नजर सुनेकडे असते. आधीच सांगतो, यात सुनेची चूक नाही.

मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला गर्भात एक मऊ थर असतो. मेंदूच्या नव्या पेशी तिथे तयार होतात. त्यातल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. साधारण चौतिसाव्या आठवड्यापर्यंत हा थर बराचसा विरून जातो. त्याआधी जन्मलेल्या बाळाचा रक्तदाब वरखाली झाला की या वाहिन्या फुटू शकतात, बहुधा पहिल्या तीन दिवसांतच.

पूर्वी हे मुख्यतः शवविच्छेदनातच कळे. १९७८ साली अमेरिकेत डॉ. पॅपिले यांनी दीड किलोच्या आतल्या ४६ बाळांचे सीटी स्कॅन केले. २० बाळांत रक्तस्राव निघाला, आणि काहींत बाहेरून संशयही येत नव्हता. त्यांनी लावलेल्या चार श्रेणी आजही रिपोर्टवर असतात. पहिल्या दोन श्रेणींतली बहुतेक बाळं पुढे चांगली वाढतात. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत डोक्यात पाणी साठण्याचा, हातपाय कडक होण्याचा धोका वाढतो. म्हणून घाबरण्याआधी श्रेणी विचारा.

उपाय मात्र त्याआधीच हाती लागला होता, तोही मेंढ्यांमुळे. न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स मेंढीची प्रसूती कशाने सुरू होते ते शोधत होते. स्टेरॉइड दिलेली, दिवस भरण्याआधी जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा बरी श्वास घेताना दिसली. १९७२ साली त्यांनी आणि डॉ. हॉवी यांनी मातांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रसूतीच्या किमान २४ तास आधी इंजेक्शन मिळालेल्या मातांचं एकही बाळ फुप्फुसाच्या त्या आजाराने किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाने दगावलं नव्हतं. तरी अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने त्याची ठाम शिफारस करायला १९९४ उजाडलं. बावीस वर्षं!

मग हे इंजेक्शन खेड्यापाड्यांत सरसकट द्यावं का? सहा देशांत तपासलं गेलं, त्यात आपलं नागपूर आणि बेळगावही होतं. निकालाने सगळे चक्रावले. लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, एकूण नवजात मृत्यू मात्र हजारी साडेतीनने वाढले. इंजेक्शन घेतलेल्या अनेक स्त्रियांची बाळं पुढे पुरेशा वजनाचीच जन्मली, म्हणजे त्यांना त्याची गरजच नव्हती. पुढे २०२० साली भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांचा अभ्यास आला. इथे आठवडे सोनोग्राफीने मोजले होते आणि बाळाची काळजी घ्यायची सोय होती. मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. औषध तेच, डेक्सामेथासोन.

उरणमध्ये याचा अर्थ असा. चौतीस आठवड्यांच्या आत कळा किंवा पाणी जाणं सुरू झालं, तर सकाळची वाट पाहू नका. इंजेक्शन कधी द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. वेळ असेल तर नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात बाळ पोटात असतानाच हलवणं बरं, जन्मल्यावर पेटीत घालून धक्के खात नेण्यापेक्षा. आणि पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट सोबत घ्या. नेमके आठवडे त्यावरूनच कळतात, आणि नेमका तोच माहेरी राहिलेला असतो.