झूटरमेरचं दूध, हेगचा पाव

झूटरमेर या नावात गोड्या पाण्याचं तळं आहे. ते तळं सतराव्या शतकातच उपसलं गेलं, तिथं कुरणं झाली, गाई आल्या. आज त्याच गावात लेकराला वरण-भाताचा पहिला घास भरवताना तुम्हाला कदाचित कल्पना नसेल, की बाळांच्या आहाराच्या इतिहासातली दोन पानं तुमच्या अवतीभवतीच लिहिली गेली.

पहिलं पान १८९६ चं. इथले दूध-कारखानदार मार्टिनस व्हान डर हागन यांनी जर्मन प्राध्यापक बाकहाउस यांच्या पद्धतीनं बाळांचं दूध बनवण्याचा हक्क मिळवला. गाईच्या दुधातलं प्रथिन तान्ह्यांना जड जाई. बाकहाउस ते विकरांनी (एन्झाइम्स) हलकं करत. १९०१ मध्ये त्यातून न्युट्रिशिया कंपनी उभी राहिली. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता! तो व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडवला. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना आज प्रथिनाचे बारीक तुकडे केलेलं दूध देतात, तेव्हा त्याच जुन्या वाटेवरचं पुढचं पाऊल पडलेलं असतं.

दुसरं पान शेजारच्या हेगचं. तिथल्या युलियाना बालरुग्णालयात डॉ. विलेम-कारेल डिके सीलिअ‍ॅकची खंगलेली मुलं पाहत होते. तेव्हा अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. नेमकं काय बाधतं ते कुणालाच उमगलं नव्हतं. डिके यांचा संशय गव्हावर होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला. देशाचा पश्चिम भाग भुकेला असताना ही मुलं मात्र सुधारली; पाव परतला तशी पुन्हा आजारी पडली. १९५० मध्ये डिके यांनी प्रबंध लिहिला. पुढं व्हान डे कामर आणि वायर्स या सहकाऱ्यांसोबत त्यांनी दोष ग्लुटेनचा असल्याचं दाखवलं.

या इतिहासातून तुमच्या उपयोगाचं काय? पहिलं म्हणजे शब्द नीट वेगळे ठेवा. अ‍ॅलर्जीत प्रतिकारशक्ती प्रथिनावर तुटून पडते. गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वासही कोंडू शकतो. श्वास कोंडला तर थेट ११२. लॅक्टोज न पचणं हा साखरेचा प्रश्न आहे. त्यात पोट फुगतं, जुलाब होतात, पण जिवाला धोका नसतो. सीलिअ‍ॅक या दोन्हींहून निराळा: त्यात ग्लुटेनमुळं शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. म्हणून आजीच्या किंवा शेजारणीच्या सांगण्यावरून दूध-पोळी बंद करू नका. मूल गहू खात असतानाच सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी खरं बोलते. आणि निदान झालंच, तर हिंगाची डबीही वाचा. त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं.

दुसरं, शेंगदाण्याची भीती. तो उशिरा द्यावा, असं पूर्वी सांगत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासानं हे उलटवलं: जोखमीच्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा दिला, तर अ‍ॅलर्जी बरीच कमी होते. तेव्हा आपलं बारीक कूट पेजेत कालवून द्यायला हरकत नाही. अख्खा दाणा मात्र नको, तो घशात अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

डिके यांनी मुलांचं ताट वर्षानुवर्षं बारकाईनं पाहिलं. तुम्हीही वहीत लिहा: काय खाल्लं, किती वेळानं काय झालं. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत ती वही तुमच्या आठवणीपेक्षा जास्त सांगेल.